नंदिनीच्या काठी, केना उमललेला असताना

पावसाळ्यातल्या रविवारी नाशिककर पांडवलेणीचा डोंगर चढतात. ज्यांना रानझाडं ओळखायला शिकायचं आहे, त्यांना मी नंदिनीचा, म्हणजे जुन्या लोकांच्या नासर्डीचा काठ सुचवेन. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या अंगानं येणारी ही नदी उंटवाडी, मुंबई नाका करत टाकळीला गोदावरीला मिळते. पाणी स्वच्छ नाही, वास येतो. तरी श्रावण-भाद्रपदात इथं जे हाताच्या अंतरावर दिसतं, ते डोंगर चढताना धापा टाकत नजरेतून निसटतं.

सकाळी लवकर निघा, कारण केन्याचं फूल दुपारपर्यंत मिटतं. ओलसर जागी उकिडवं बसून बघा: दोन निळ्या पाकळ्या ठसठशीत, तिसरी अगदी लहान. एक रोप मुळासकट अलगद उपटलं, तर मातीखालच्या पांढुरक्या फांद्यांवर बारीक कळ्या सापडतील. त्या कधीच उमलत नाहीत; बी मातीतच धरतं. वरून कितीही खुरपलं तरी केना परत येतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

टाकळा, कुर्डू, आघाडा, एरंड, रुई वाटेवर भेटतीलच. टाकळा संध्याकाळीही एकदा बघा, पानं जोडीजोडीनं मिटलेली असतात.

पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बंद बूट हवेतच. गाजर गवतानं अनेकांच्या अंगाला खाज सुटते. हे मूळचं अमेरिका खंडातलं तण १९५५च्या सुमारास पुण्यात नजरेस आलं आणि देशभर पसरलं. उंच गवतात काठी आपटत चाला, घोणस असू शकते. वर जोराचा पाऊस झाला असेल, तर पात्राजवळ जाऊच नका.

पानवेलींचा हिरवा गालिचा दिसला की समजा, तिथं सांडपाणी मिसळतंय. नत्र आणि स्फुरद मिळालं की ही वेल माजते. म्हणूनच कळकळीनं सांगतो, या काठावरचा अळू, टाकळा, कुर्डू कितीही कोवळा दिसला तरी खुडू नका. सांडपाण्यातले जड धातू पानांत उतरतात आणि ते धुऊन जात नाहीत.

उंटवाडीला म्हसोबाच्या देवळाजवळच्या जुन्या वडाखाली थांबा. उड्डाणपुलाच्या आड येणारा हा वड लोकांनी आवाज उठवल्यामुळे वाचला. आणि रानभाजी खायचीच असेल, तर पेठ, त्र्यंबक, सुरगाण्याकडून बाजारात येणाऱ्या बायकांकडून घ्या. कशी निवडायची, किती उकडायची, हेही त्यांनाच विचारा.