विटा थापणाऱ्यांची मुले

शास्त्रभाग : निर्गम 1:8-14, 2:1-10, 5:6-19



निर्गमाचा हा भाग आपण सुटकेची गोष्ट म्हणून वाचतो. या वेळी तो विटांच्या बाजूने वाचू या, कारण कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांना विटा फार ओळखीच्या आहेत. दिवाळी झाली की वाडीतली घरे बंद होऊ लागतात. कोणी भिवंडी-कल्याणकडे, कोणी पनवेल-पेणकडे भट्टीवर जाते, ते पावसाच्या तोंडावर परतते. पावसाळ्यात आजारपणाला, लग्नाला, पोटाला घेतलेली उचल फेडायची असते. मजुरी हजार विटांवर ठरते. आठवड्याला हातात येते ती फक्त खर्ची. हिशेब हंगामाच्या शेवटी.

पाचव्या अध्यायात फारो गवत देणे बंद करतो, पण विटांचा आकडा कमी करत नाही. तिथे मुलांचा उल्लेख नाही. तरी आकडा पुरा करायचा असला की घरातले लहान हातही लागतात, हे भट्टी पाहिलेल्याला सांगावे लागत नाही. बाप चिखल तुडवतो, आई विटा थापते, मूल वाळत घातलेल्या विटा पलटते. मजुरी मात्र जोडप्याच्या नावावर. म्हणून 'यांना शिक्षणाची किंमतच नाही' असे आपल्यात सहज बोलले जाते, ते मला पटत नाही.

मोशेची बहीण नदीकाठी उभी राहून भावावर लक्ष ठेवते. संडेस्कूलमध्ये आपण तिचे कौतुक करतो. भट्टीवर तीच ताई आठ-नऊ वर्षांची असते, तान्हे भावंड कडेवर. शाळा जवळ असली तरी ती जात नाही, कारण बाळ कोणाकडे द्यायचे? म्हणजे भट्टीजवळ पाळणाघर किंवा अंगणवाडी नसणे ही त्या मुलीच्या शाळेचीच अडचण आहे. भाऊ पुढे मिसरी लोकांची सर्व विद्या शिकला, असे स्तेफन सांगतो (प्रेषितांची कृत्ये 7:22). बहिणीच्या शिक्षणाविषयी शास्त्रात काही नाही.

आपल्या प्रार्थनांत रोहिंग्या मुलांचे नाव येते. 2017 मध्ये म्यानमारमधून सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळून आले. कॉक्स बाझारच्या छावण्यांतल्या मुलांना नागरिकत्व नाही, त्या देशाच्या नेहमीच्या शाळेत प्रवेशही नाही. कातकरी मूल मात्र भारताचे नागरिक आहे. 2009 चा शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलासाठी आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायचा आहे म्हणून थांबवताही येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. उचलीपोटी माणसाला भट्टीवर अडकवून ठेवणे तर 1976 च्या कायद्याने वेठबिगारी ठरते.

पत्रक मागायची वेळ दिवाळीआधीची. तेव्हा वाडीत माणसे भेटतात, नंतर कुलपे. मंडळीतल्या दोघा-तिघांनी मुख्याध्यापकांना भेटून जाणाऱ्या मुलांची यादी करावी, भट्टी कुठली ते विचारून तिथली जिल्हा परिषद शाळा शोधून ठेवावी. आजी मागे राहणार असेल तर मूल तिच्याजवळ ठेवता येईल का, हे आईबापांशी बोलावे. अशा घरी दरमहा धान्य पोहोचणे हीच मोठी मदत. आपले कपडे-खाऊ वाटप नाताळात होते, तेव्हा वाडी निम्मी रिकामी असते. यंदा त्यातले काही पैसे दिवाळीआधीच या कामाला लावता येतील का, ते मंडळीच्या बैठकीत ठरवावे.