उभ्या ट्रकमधली रात्र : विजेचा हिशोब शिकवणारा एक पाठ



पाचवीच्या वर्गात मी 'माझ्या घरच्यांचे काम' या विषयावर पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलीने लिहिलं, "माझे बाबा ट्रक चालवतात. ते गाडीतच झोपतात. रात्री पंखा लावला की सकाळी गाडी चालू होत नाही. म्हणून ते पंखा बंद करतात. मग त्यांना झोप लागत नाही."

वाचून दाखवताच वर्गात दोन-तीन मुलं हसली. मला मात्र हसू आलं नाही. झोप न झालेला माणूस सकाळी पंचवीस-तीस टन वजन घेऊन रस्त्यावर येतो, त्याच रस्त्याने आपली मुलं शाळेत येतात. म्हणजे हा प्रश्न फक्त तिच्या बाबांचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे. आणि गंमत म्हणजे हा प्रश्न सोडवायला लागतो फक्त गुणाकार, भागाकार आणि थोडं विज्ञान. दुसऱ्या दिवशी आम्ही हाच पाठ घेतला. तुम्हालाही वर्गात किंवा घरी घेता येईल, म्हणून सविस्तर देत आहे.

१. आधी समजून घेऊ : गाडी उभी असली की वीज कुठून येते?

इंजिन चालू असतं तेव्हा त्याच्या जोरावर अल्टरनेटर फिरतो. ड्रायव्हर मंडळी त्याला अजून डायनामोच म्हणतात. तो वीज तयार करतो आणि बॅटरी भरतो. इंजिन बंद झालं की नवी वीज येणं बंद. आता जे काही चालेल ते बॅटरीतल्या शिल्लकीवर.

मुलांना मी पाण्याच्या टाकीचं उदाहरण दिलं. नळ गेला की टाकीत आहे तेवढंच पाणी. ते आंघोळीला किती, भांड्यांना किती, हे आई ठरवते ना? तसंच हे.

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक, म्हणजे एकसर जोडणीत असतात. १२ आणि १२ मिळून २४ व्होल्ट. बॅटरीवर 'एएच' असा आकडा लिहिलेला असतो, तो अँपिअर-तासांचा. उदाहरणासाठी आपण १२० धरू. मग एका बॅटरीतली वीज : १२ × १२० = १४४० वॅट-तास. दोन्ही मिळून २८८०.

पण ही सगळी वापरायची नाही! गाडीची बॅटरी इंजिनला 'सेल्फ' मारण्यासाठी बनवलेली असते. थोडाच वेळ, पण फार मोठा जोर, हे तिचं काम. ती पार रिकामी केली की सकाळी सेल्फला जोर मिळत नाही आणि बॅटरीचं आयुष्यही घटतं. म्हणून आम्ही नियम केला : निम्मी वीज सकाळसाठी राखून ठेवायची. म्हणजे प्रत्येक बॅटरीमागे खर्चाला फक्त ७२० वॅट-तास.

२. रात्रीचा खर्च मांडू

सूत्र सोपं आहे : वॅट × तास = वॅट-तास. फळ्यावर आम्ही असं लिहिलं :

- छोटा पंखा २० वॅट × ८ तास = १६०
- एलईडी दिवा ५ वॅट × २ तास = १०
- दोन मोबाईल चार्ज करणे = अंदाजे ४०
- एकूण = २१०

मुलं म्हणाली, "मॅडम, ७२० मधले २१० च गेले. मग गाडी बंद का पडते?" बरोबर प्रश्न. मी त्या मुलीला म्हटलं, "आज बाबांचा फोन आला की चार प्रश्न विचार. बॅटऱ्या किती जुन्या? पंखा कितीचा? त्याची वायर कुठे जोडली आहे? रात्री आणखी काय चालू असतं?"

उत्तरं आली आणि कोडं उलगडलं. पंखा, दिवा आणि चार्जर हे सगळं १२ व्होल्टचं होतं आणि त्याची वायर दोनपैकी एकाच बॅटरीवरून घेतलेली होती. तीच बॅटरी जुनी. शिवाय रात्रभर साईडचे दिवे चालू : ५ वॅटचे ८ बल्ब, १० तास. ५ × ८ × १० = ४००. हे दिवे २४ व्होल्टवर असल्याने हा खर्च दोघींत निम्मा निम्मा, म्हणजे प्रत्येकीवर २००.

आता हिशोब पाहा. पहिल्या बॅटरीवर २१० + २०० = ४१०. दुसरीवर फक्त २००. आणि जुन्या बॅटरीची ताकद निम्मी झाली आहे असं धरलं, तर तिला परवडणारा खर्च ७२० नाही, ३६० च. ४१० मोठे की ३६०? सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

हसणारी मुलंच आता सगळ्यात पुढे होती, हे मुद्दाम सांगते.

३. एकाच बॅटरीवरून वायर का घेऊ नये?

दोन मुलं मिळून पाण्याची बादली नेत आहेत. त्यातल्या एकाच्या खांद्यावर आपण दप्तरही टाकलं. आधी कोण थकणार? आणि तो थांबला की दुसराही थांबणारच. एकसर जोडणीत असंच होतं. कमजोर बॅटरी दोघींना थांबवते. सकाळी इंजिन चालू झालं तरी त्रास संपत नाही. दोघींतून चार्जिंगचा प्रवाह सारखाच जातो, त्यामुळे एक अर्धवट भरते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते. दोन्ही लवकर खराब होतात.

उपाय दोन. पंखा २४ व्होल्टचाच घ्यावा, किंवा २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावावा. म्हणजे भार दोघींवर सारखा. बॅटरी बदलायची तर जोडीनेच बदलावी. वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवाच. फ्यूज नसेल आणि वायर कुठे घासून शॉर्ट झाली, तर केबिनला आग लागू शकते. ही जोडणी मात्र ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.

४. मग एसी का नाही?

हा प्रश्न प्रत्येक वर्गात येणारच. केंद्र सरकारने २०२३ साली अधिसूचना काढून नव्या मध्यम व जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा केला आणि २०२५ पासून त्याची अंमलबजावणी ठरली. चांगलीच गोष्ट आहे. पण गाडीचा नेहमीचा एसी इंजिनवर चालतो. गाडी धाब्यावर उभी, इंजिन बंद, की एसीही बंद.

इंजिन चालू ठेवून झोपलं तर? तासाला साधारण दोन लिटर डिझेल धरा. आठ तासांचे सोळा लिटर. रुपये मुलांनी आजच्या दराने काढावेत. वर धूर आणि आवाज शेजारच्या गाड्यांना. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात तर उभ्या ट्रकचं इंजिन पाच मिनिटांहून जास्त चालू ठेवायला बंदी आहे, झोपण्याची केबिन असली तरी.

बॅटरीवर चालणारा वेगळा पार्किंग एसी मिळतो. तो सतत ६०० वॅट घेतो असं धरलं, तर ६०० × ८ = ४८००. आपल्या दोन्ही बॅटऱ्या पूर्ण रिकाम्या केल्या तरी २८८० च! म्हणून त्याला वेगळी, मोठी बॅटरी लागते. 'एसी लावला की झालं' असं का नसतं, ते मुलांना या एका ओळीतून कळतं.

५. आधी उष्णता अडवा, मग वीज वापरा

स्वस्त उपाय आधी करायचे. मुलांनी सुचवलेले आणि आम्ही तपासलेले हे :

- सावली : दुपारी झोपायचं असेल तर ऊन सरकणार कुठे, ते पाहून गाडी लावावी.
- काच झाकणं : समोरच्या मोठ्या काचेला चकचकीत पत्र्यासारखा पडदा बाहेरून लावला तर ऊन आत शिरण्याआधीच परत जातं. आतून लावलेला पडदा कमी उपयोगी, पण नसण्यापेक्षा बरा.
- हवा खेळती : दोन्ही बाजूच्या काचा थोड्या खाली आणि त्यांना मच्छरजाळी. पंखा हवा थंड करत नाही, घाम वाळवून आपल्याला थंड करतो. बंद केबिनमध्ये तो तीच गरम हवा फिरवतो.
- पाण्याचा कूलर : अकोला-लातूरच्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालतो. पनवेलच्या दमट हवेत पाणी नीट वाळतच नाही, म्हणून तिथे निरुपयोगी. बाष्पीभवनाचा पाठ इथे जोडून घ्या.
- एलईडी दिवे : ५ वॅटच्या जागी १ वॅटचे साईड बल्ब लावले तर ४०० चे ८० होतात. पण गाडी रस्त्याच्या कडेला उभी असेल तर वीज वाचवायला दिवे बंद करायचे नाहीत. ते जीव वाचवतात.
- सौर पॅनेल : टपावर १०० वॅटचं पॅनेल असेल तर चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ३०० वॅट-तास मिळतात. म्हणजे पंख्याची रात्र निघाली! सोबत चार्ज कंट्रोलर हवा.

६. एक गोष्ट पाठच करून घ्या

थंडीत बंद केबिनमध्ये शेगडी, कोळसा किंवा स्टोव्ह पेटवून झोपायचं नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला कळतच नाही आणि जीव जातो. घोंगडी-रजाईला वीज लागत नाही आणि धोकाही नाही. ज्यांच्या घरी कोणी गाडीवर आहे, त्या मुलांनी हे घरी सांगायचंच, असा गृहपाठ मी दिला.

७. वर्गासाठी कृती

१. घरातल्या पाच उपकरणांवरचे वॅट लिहून आणा आणि रात्रीचा खर्च काढा.
२. १५० एएचच्या दोन बॅटऱ्या असतील तर निम्मी वीज किती? (उत्तर : १८०० वॅट-तास)
३. गाडी माल उतरवण्यासाठी तीन दिवस उभी आहे. रोजचा खर्च २१० आणि दिवे एलईडीचे. दोन्ही बॅटऱ्या नव्या, १२० एएचच्या, आणि भार सारखा. पुरेल का? (इशारा : २१० + ८० = २९०, त्याची तिप्पट ८७०, राखीव सोडून शिल्लक १४४०)
४. चर्चा : तुमच्या झोपेसाठी घरात कोण काय काय करतं? बाबा गाडीत असतील तर त्यांच्यासाठी ते कोण करतं?

शेवटी थोडं

त्या मुलीच्या बाबांनी पुढच्या फेरीत कन्व्हर्टर बसवून घेतला आणि जुनी बॅटरी बदलायची म्हणून दोन्ही बदलल्या. गावी आले तेव्हा शाळेच्या फाटकाशी भेटले. म्हणाले, "मॅडम, पोरीने फोनवर बेरीज सांगितली. मला वाटायचं पंखा म्हणजे चैन आहे." मी म्हटलं, "दादा, झोप ही चैन नाही. ते तुमच्या कामाचंच सामान आहे, टायरसारखं."

पालकहो, आपल्या कामातला एखादा रोजचा त्रास मुलांपुढे हिशोबासारखा मांडून बघा. गणित कशासाठी शिकायचं, हे मग त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.