काम, विसावा आणि आयुष्यातील ऋतू

वाचावयाचे भाग : उपदेशक 3:1-13, गणना 8:23-26, 1 राजे 19:1-21.

शेतकऱ्यास ऋतू शिकवावे लागत नाहीत. पेरणीच्या दिवसांत तो लग्नकार्य काढीत नाही, आणि सुगीच्या दिवसांत पाहुणा म्हणून कोठे जात नाही. एकाच वावरात कांद्यावर कांदा घेत राहिले तर जमीन थकते, हे त्यास ठाऊक असते. म्हणून तो पिकाची फेरपालट करितो व बेवड साधतो. बैलपोळ्याच्या दिवशी तो बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाही. परंतु जे शहाणपण आपण भुईस व जनावरास लावितो, ते स्वतःच्या देहास व आयुष्यास लावावयाचे आपणांस सुचत नाही. बदलाची वेळ आली की आपण घाबरतो, आणि विसाव्याची वेळ आली की लाजतो. ह्या दोन गोष्टींचा विचार आजच्या पाठात करू.

हा विचार आज किती निकडीचा आहे, हे पिंपरी-चिंचवड व चाकण ह्या भागाकडे पाहिले म्हणजे कळते. पिंपरीस 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना स्थापन झाला. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथील वावरांच्या जागी कारखाने उभे राहिले. 1982 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. पुढे कारखानदारी उत्तरेस पसरली, आणि कांद्याबटाट्याच्या बाजारासाठी नावाजलेले चाकण मोटारगाड्यांसाठीही प्रसिद्ध झाले.

गावोगावचे आपले तरुण तेथे कामास जातात. ज्याचा बाप आभाळाकडे पाहून उठत असे, तो मुलगा आता पाळी पाहून उठतो. एका आठवड्यात पहिली पाळी, तर दुसऱ्यात रातपाळी. दिवसा पत्र्याच्या खोलीत उन्हाची झोप लागत नाही. आणि सुटीच्या दिवशी जादा काम मिळाले तर दुप्पट पैशांच्या आशेने तो तेही पत्करितो. ह्या मनुष्यास आळशी कोण म्हणेल? परंतु हा मनुष्य आपल्या आयुष्याचा कोणता ऋतू कशावर खर्च करीत आहे, हे त्यास कोणीतरी प्रेमाने विचारिले पाहिजे.

आठवड्याची सुटी आपोआप मिळालेली नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात कन्हेरसर नावाचे गाव आहे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचे घराणे मूळचे तेथील. त्यांचा जन्म 1848 साली झाला. ते महात्मा जोतीराव फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक, आणि काही काळ मुंबईच्या एका गिरणीत कोठाराचे काम पाहिलेले गृहस्थ होते. त्या काळी गिरणीतील माणसे उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत, आणि त्यांस आठवड्याचा ठरलेला विसावा नव्हता. लोखंडे ह्यांनी 1884 साली कामगारांची सभा भरवून सुमारे 5,500 सह्यांचा अर्ज केला. रविवारी सुटी असावी, दुपारी अर्धा तास विसावा असावा, पगार वेळेवर मिळावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. सहा वर्षे खटपट चालली. 1890 सालच्या एप्रिल महिन्यात मुंबईस सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि तीत स्त्रियाही बोलावयास उभ्या राहिल्या. अखेर त्याच वर्षी 10 जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. 1897 साली मुंबईत प्लेगने लोखंडे ह्यांचा अंत झाला.

पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्यास 48 तासांची मर्यादा घातली, आठवड्यास एक सुटी ठरविली, आणि सुटीच्या दिवशी काम घेतले तर तिच्या बदली दुसरी सुटी द्यावी असेही सांगितले. मुलाची फी भरावयाची म्हणून किंवा कर्ज फेडावयाचे म्हणून कोणी एखाद्या महिन्यात जादा काम केले, तर आम्ही त्यास दोष देत नाही. परंतु वर्षानुवर्षे प्रत्येक सुटी विकणे म्हणजे बियाणे दळून खाण्यासारखे आहे. आज पोट भरते. पुढच्या पेरणीस हाती काय राहील?

आता शास्त्रातील दोन उदाहरणे पाहू. पहिले एलीयाचे. मोठे कार्य पार पाडून तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला, आणि त्याने मरण मागितले. देवाने त्यास प्रथम उपदेश केला नाही. त्यास झोपू दिले; मग भाकर व पाणी दिले; पुन्हा झोपू दिले; आणि पुन्हा खावयास दिले. देवाचे बोलणे व नवे काम त्यानंतर आले. थकलेल्या मनुष्यास वाटणारी निराशा पुष्कळदा अविश्वास नसून केवळ थकवा असतो. म्हणून रातपाळीहून आलेला भाऊ उपासनेत डुलकी घेतो, तेव्हा त्याच्या विश्वासाची परीक्षा करू नये. त्याच्या झोपेची चौकशी करावी.

दुसरे उदाहरण लेव्यांचे. पंचविसाव्या वर्षी त्यांनी सेवेस लागावे व पन्नासाव्या वर्षी जड सेवेतून मोकळे व्हावे, असा नियम होता. परंतु मोकळे झाल्यावर त्यांस हाकलून दिलेले नाही. त्यांनी आपल्या बांधवांस साहाय्य करीत राहावे असे ठरविले. काम बदलले, स्थान राहिले. आपल्याकडे ह्याच्या उलट घडते. अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी मनुष्य कारखान्यातून घरी येतो, आणि आता आपला काय उपयोग, असे म्हणत उंबऱ्यावर बसून राहतो. काहींवर तर ही वेळ आधीच येते. आकुर्डी येथील बजाजच्या कारखान्यातील वाहननिर्मिती 2007 साली थांबली. कारखान्यांसही ऋतू असतात, मग माणसांस का नसावेत? यंत्रावर तीस वर्षे उभा राहिलेला मनुष्य मंडळीचा हिशेब लिहू शकतो, नव्याने कामास लागणाऱ्या मुलास सुरक्षिततेच्या चार गोष्टी सांगू शकतो, दवाखान्यात आजाऱ्याजवळ बसू शकतो. त्यास हे काम मंडळीने आपण होऊन द्यावे. तो मागण्याची वाट पाहू नये.

हीच गोष्ट उपदेशक बंधूंसही लागू आहे. वय झाले तरी प्रत्येक प्रार्थनासभा आपणच चालवावी, असा आग्रह धरणारा सेवक स्वतःही थकतो व तरुणासही वाढू देत नाही. एलीयाने आपला झगा अलीशावर टाकिला, तेव्हा त्याची सेवा संपली नव्हती. काही काळ दोघे बरोबर चालले. सोडून देण्याची चांगली रीत हीच होय.

शेवटी, विसावा स्वतःपुरता नसतो. शब्बाथाच्या आज्ञेत दासदासींस व बैलासही विसावा सांगितला आहे. मग घरातील स्त्रीचे काय? पुष्कळ घरांत सुटीचा दिवस हाच तिच्या सर्वांत जास्त श्रमाचा दिवस असतो. आठवड्याचे धुणे, पाहुणे व दुप्पट स्वयंपाक त्याच दिवशी येतात. नवऱ्याने त्या दिवशी पाणी भरले व भाजी निवडली, तर त्याचा मान कमी होणार नाही. तसेच ह्या भागातील अनेक कारखान्यांची सुटी रविवारी नसून गुरुवारी असते. जेथे असे आहे तेथे गुरुवारी संध्याकाळी छोटी उपासना ठेवावी, म्हणजे त्या भावास देवाची मंडळी व देहाची झोप ह्यांत निवड करावी लागणार नाही.

प्रिय बंधुभगिनींनो, पडीक दिसणारी जमीन मेलेली नसते. ती पुढच्या पावसासाठी सज्ज होत असते. तुमच्यावर आज तसा ऋतू आला असेल, तर त्यास शिक्षा समजू नका.

मंडळीत विचार करण्याजोगे प्रश्न :

1. आपल्या मंडळीत सुटी न घेता राबणारे कोण आहेत, व त्याचे खरे कारण काय?

2. कामातून निवृत्त झालेल्या बांधवांस आपण कोणते काम सोपविले आहे?

3. ह्या आठवड्यात आपल्या घरातील कोणास आपण विसावा देऊ शकू?