बसवून ठेवलेला माणूस

नोकरीच्या शेवटच्या काळात माझ्याकडे कोर्ट पैरवी होती. पोलीस खात्यात ही जागा कुणी मागून घेत नाही. पण तपास नेमका कुठे फाटतो ते पाहायला तिच्याइतकी चांगली खुर्ची नाही. फिर्यादीपासून दोषारोपपत्रापर्यंत सगळे कागद वाचायचे, साक्षीदार हजर ठेवायचे आणि मग आरोपीच्या वकिलाने उलटतपासात त्याच कागदांची लक्तरे केलेली मुकाट बघायची. प्रबोधिनीतून नुकतेच बाहेर पडलेले उपनिरीक्षक मला विचारतात, कोर्टात सगळ्यात जास्त काय नडते? मी त्यांना घरफोडीची एक केस सांगतो.

संशयित तरुणाला संध्याकाळी पानटपरीवरून उचलले. रात्रभर ठाण्यात बसवून ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी अटक दाखवली, पाठोपाठ, माल कुठे लपवला हे सांगणाऱ्या त्याच्या निवेदनाचा पंचनामा करून त्याच्या शेतातून दागिने काढले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात उभे केले. कागदावर सगळे चोवीस तासांच्या आत. स्टेशन डायरीत त्या रात्रीचे अक्षरही नव्हते.

पण पोराच्या आईने त्याच रात्री ११२ ला फोन लावून विचारले होते, माझ्या मुलाला कुठे नेले? त्या फोनची वेळ नोंदलेली होती. वकिलाने ठाण्याचे सीसीटीव्ही चित्रण मागितले, तेव्हा नेमका कॅमेरा बंद निघाला. मॅजिस्ट्रेट साहेबांनी तपासी अंमलदाराला एवढेच विचारले, ‘मग त्या रात्री हा होता कुठे?’ उत्तर आले नाही. रिमांड नाकारला गेला, पोरगा घरी गेला. पुढे खटल्यात ते दागिने पोलिसांनीच पेरले असा बचाव झाला आणि पंच फितूर झाल्यावर तो टिकला. फिर्यादी बाईंना दागिने परत मिळाले, आरोपी निर्दोष सुटला, तपासी अंमलदाराच्या मागे विभागीय चौकशी लागली. चोर खरा होता, असे माझे आजही मत आहे.

आपल्याकडे ‘चौकशीला बोलावलाय, बसलाय’ हे इतके सवयीचे आहे की त्यात काही चुकते असे वाटतच नाही. कायद्यात मात्र माणूस मोकळा असतो किंवा ताब्यात असतो. मधली अवस्था नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगून ठेवले आहे की माणसाचे हिंडणे-फिरणे रोखले त्या क्षणी अटक सुरू होते, अधिकारी कागदावर कोणती वेळ टाकतो त्यावरून ती ठरत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २२ मधले चोवीस तास (प्रवासाचा वेळ वगळून) तिथूनच मोजायचे. म्हणून गाडीत बसवले ती वेळ डायरीत टाका. अडचणीची असली तरी खरी टाका. अडचणीच्या वेळेचा खुलासा देता येतो, खोटी वेळ पकडली गेली की देण्यासारखा खुलासाच उरत नाही.

त्याआधीचा प्रश्न, अटक हवीच का? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायची तर कारणे लेखी हवीत आणि नाही करायची तरी लेखी हवीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात हे ठणकावले आणि न पाळणाऱ्या अधिकाऱ्यावर विभागीय कारवाईबरोबर न्यायालयाच्या अवमानाचीही टांगती तलवार ठेवली. १ जुलै २०२४ पासून हा भाग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. तीन वर्षांहून कमी शिक्षेचा गुन्हा आणि आरोपी साठीच्या पुढचा किंवा आजारी-अशक्त, तर उपअधीक्षकांच्या पूर्वपरवानगीशिवाय हात लावायचा नाही. अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस द्यायची असेल तर ती हातात द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवून निळ्या खुणांचा स्क्रीनशॉट फाईलला लावणारे मी पाहिलेत; जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली.

अटकेची कारणे सांगण्यातही जुनी ढिलाई चालणार नाही. छापील नमुन्यात ‘आरोपीस अटकेची कारणे समजावून सांगितली’ असे असते आणि खाली सही किंवा अंगठा. मुंबईतल्या एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गुन्हा कोणताही असो, कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेतच द्यायची. तत्काळ लिहून देणे शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी उभे करण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हातात हवा. समोर बिहारचा मजूर असेल आणि तुम्ही त्याला मराठी कागद दिला असेल, तर वकील काय करेल ते मी सांगायला नको. अटकेच्या मेमोवर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी या गोष्टी तर डी. के. बसू निकालाने १९९६ पासून बंधनकारक आहेत.

इतके सांगितल्यावर एखादा तरुण अधिकारी हमखास म्हणतो, ‘साहेब, मग गुन्हा उघडकीस कसा आणायचा?’ यामागची समजूत मला माहीत आहे: दोन फटके दिले की आरोपी बोलतो. बोलतोही. पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचे कलम २५ होते, आता भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २३ आहे. ‘मी घर फोडले’ हे निवेदनातले वाक्य कोर्ट वाचणार नाही. ‘दागिने शेतात बाभळीखाली पुरलेत, दाखवतो’ एवढेच वाचेल, तेही तिथे खरोखर दागिने सापडले तर. म्हणजे वजन त्या जागेला आणि पंचांना. ठाण्याच्या दारातल्या चहावाल्याला दर वेळी पंच केले की तो कोर्टात म्हणतो, ‘चहा द्यायला गेलो होतो, सही करा म्हणाले.’ आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचे चित्रीकरण करावेच लागते. अनेकांना ती कटकट वाटते. पंच उलटल्यावर तेच चित्रीकरण तपासी अंमलदाराला वाचवते.

राहिला वरून येणारा फोन. घरफोडीच्या प्रकरणातल्या त्या विभागीय चौकशीत अंमलदार सांगत राहिला, ‘साहेब म्हणाले बसवून ठेव.’ साहेबांची तोवर बदली झाली होती आणि त्यांना काही आठवत नव्हते. मुंबईतल्या एका कथित बनावट चकमकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये न्यूरेंबर्गच्या खटल्यांचा दाखला देऊन म्हटले होते की बेकायदा आदेश पाळणे हा बचाव नाही. एवढ्या टोकाचे तुमच्यावर येणार नाही. तुमच्याकडे येईल ते रात्री अकराचे ‘सकाळपर्यंत राहू दे त्याला, नोंद नको.’ अशा वेळी वाद घालू नका. नम्रपणे म्हणा, ‘साहेब, आपल्या तोंडी आदेशाने बसवला अशी डायरीला नोंद घेतो.’ मी हे करून पाहिले आहे. बहुतेक साहेब पलीकडे थोडा वेळ थांबतात आणि म्हणतात, ‘जाऊ दे, नोटीस देऊन सोड.’