वसंतातील नदीकाठची सहल : एक परिसरपाठ

फाल्गुन सरून चैत्र लागण्याच्या सुमारास नागपूर शहरातील मंडळी शनिवार-रविवार साधून नदीकाठाच्या व रानाच्या शोधात बाहेर पडतात. ज्या नाग नदीवरून शहरास नाव मिळाले, तिच्या काठी निवांत बसावे अशी तिची स्थिती आज उरलेली नाही. म्हणून त्यांस दूरचा प्रवास करावा लागतो. नरखेड तालुक्यातील आपल्या शाळांस असा प्रवास करण्याचे कारण नाही. तालुक्याच्या पश्चिम अंगाने वर्धा वाहते आणि काटोलकडून येणारी जाम नदी जलालखेड्याजवळ तीस मिळते. असे असूनही चौथीतील मुलास नदीचे चित्र काढावयास सांगितले, तर तो दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली निळी रेघ काढून मोकळा होतो. त्या चित्रात वाळू नसते, डोह नसतो, काठावरचे करंजाचे झाडही नसते. पुस्तकातील नदीने डोळ्यांसमोरची नदी झाकून टाकावी, ही गोष्ट शिक्षकांनी विचारात घेण्याजोगी आहे.

शनिवारची शाळा सकाळची असते. त्यातच २०२४ साली शासनाने ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम सुरू केल्याने अशा सहलीस वेगळा वेळ शोधावा लागत नाही. उन्हे चढण्यापूर्वी, म्हणजे साडेसात ते दहा या वेळात, काम उरकावे.

प्रथम मुलांस काठावर उभे करून भूगोल सांगावा. जलालखेड्याच्या संगमावर पलीकडे आमनेरच्या किल्ल्याचे अवशेष दिसतात. आमनेर हे गाव अमरावती जिल्ह्यातील. म्हणजे जिल्ह्याची सीमा ही नकाशावरील तुटक रेघ नसून समोरून वाहणारे पाणी होय, हे मुलांस शब्दांवाचून कळते. मग विचारावे, हे पाणी आले कोठून? वर्धेचा उगम मध्यप्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, मुलताईच्या परिसरात सातपुड्यावर होतो. तापीचा उगमही मुलताईचाच. एकाच पठारावर पडलेल्या पावसातील काही थेंब तापीबरोबर सुरतेकडे जाऊन अरबी समुद्रास मिळतात, तर काही वर्धेत उतरून, पुढे वैनगंगेशी मिळून प्राणहिता होतात व गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरात जातात. ‘जलविभाजक’ ही व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा वाळूचा एक ढीग रचावा आणि त्याच्या माथ्यावर तांब्याभर पाणी ओतावे. दोहीकडे जाणारे ओघळ पाहिलेले मूल ती व्याख्या स्वतःच्या शब्दांत सांगते.

या दिवसांत वाटेवरचा पळस पेटल्यासारखा दिसतो. फुलांनी फांद्या भरल्या आहेत आणि पाने जवळजवळ नाहीत, हे मुलांच्या नजरेस आणून द्यावे. मोहाची फुले पहाटे गळतात, ती वेचणाऱ्या बायका-मुलांशी दोन शब्द बोलावे. कडुनिंबाची कोवळी तांबूस पालवी हातात घेऊन जून पानाशी ताडून पाहावी. संत्र्याच्या बागेवरून जाताना थांबलेच पाहिजे. आंबिया बहाराची फुले गळून तेथे वाटाण्याएवढी फळे धरलेली असतात, तर शेजारच्या बागेत मृग बहाराच्या फळांची तोडणी चाललेली असते. झाडास काही आठवडे पाणी तोडून ताण द्यावयाचा व मग पाणी देऊन फुलोरा आणावयाचा, ही युक्ती बागायतदाराच्या तोंडून ऐकवावी. या विषयात तो आपल्यापेक्षा उत्तम शिक्षक आहे. त्यालाच विचारावे, वडिलांच्या काळी पाणी किती हातांवर होते आणि आता कूपनलिका किती खोल गेली आहे? त्याचे उत्तर मुलांनी वहीत जसेच्या तसे लिहावे.

नदीपात्रात गोट्यांच्या मोकळ्या पट्ट्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली, तर समजावे की जवळपास तिची अंडी आहेत. ती गोट्यांच्याच रंगाची असल्याने पायाखाली येण्याचा संभव असतो. मुलांस तेथूनच मागे वळवावे. आपल्या प्रदेशाचा खडक काळा बेसाल्ट असला, तरी वाळूत पांढरे, तांबूस, अर्धपारदर्शक गारगोटीसारखे खडे सापडतात. लाव्हा थिजताना त्यात राहिलेल्या पोकळ्या पुढे अशा खनिजांनी भरल्या. खडक झिजला आणि खडे मोकळे झाले. वर्गातील संग्रहासाठी प्रत्येकाने एकच खडा आणावा. पिशव्या भरू देऊ नयेत.

सातवीच्या मुलांसाठी येथे गणिताचा उत्तम प्रसंग आहे. उथळ व सरळ जागी काठावर २० मीटर अंतर मोजून दोन काठ्या रोवाव्यात व वाळकी काटकी प्रवाहात सोडावी. समजा तिला ५० सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदास ०.४ मीटर. पात्र ६ मीटर रुंद आणि पाणी सरासरी २५ सेंटिमीटर खोल असेल, तर छेदाचे क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर. गुणाकार ०.६ घनमीटर, म्हणजे सेकंदास ६०० लिटर. परंतु तळाशी व काठाशी पाणी सावकाश जाते, म्हणून याचे आठ दशांश धरावे, ४८० लिटर. खोली मोजण्यास पाण्यात शिक्षकानेच उतरावे.

ही शेवटची सूचना औपचारिक समजू नये. आटलेली नदी फसवी असते. वाळू उपसलेल्या जागी गुडघाभर पाण्याशेजारीच पुरुषभर खड्डा असतो आणि वरून तो दिसत नाही. पोहणाऱ्या दोन जाणत्या ग्रामस्थांस व एका दोरास सोबत घेतल्याविना सहल काढू नये. डोहाजवळ तर थांबूच नये.

याच वर्धेने ३० जुलै १९९१ रोजी मोवाडमध्ये शिरून दोनशेहून अधिक माणसांचे प्राण घेतले आणि पुढे ते गाव नव्या जागी वसवावे लागले. त्या भागातील पुष्कळ घरांत मुलांस नदीकडे जाऊच न देण्याची रीत आहे. या भीतीस हसू नये, तशीच ती मुलांच्या अंगी मुरूही देऊ नये. सहलीपूर्वी पालकांची गाठ घेऊन कोठे जाणार, पाण्यापासून किती अंतरावर राहणार, हे सांगितले म्हणजे बहुधा संमती मिळते. पूर पाहिलेल्या एखाद्या वृद्धाने स्वतःहून सांगितले तर मुलांनी अवश्य ऐकावे. पाणी कोठवर चढले होते, ती जागा पाहावी. मात्र ज्या घरातील माणसे गेली, तेथे मुलांना प्रश्नावली देऊन पाठवू नये.

सोमवारी पुन्हा नदीचे चित्र काढावयास द्यावे व जुन्या चित्राशेजारी भिंतीवर लावावे. त्याच जागी पावसाळ्यानंतर, कार्तिकात, दुसरी फेरी काढावी. काठ्या रोवल्या ती जागा एखाद्या झाडाच्या खुणेने वहीत नोंदवून ठेवलेली असावी, कारण काठ्या तोवर राहत नाहीत.