सशाची स्वच्छतेची सवय

ससा पाळला की घरभर लेंड्या पडावयाच्याच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. ठरावीक जागी मलमूत्र विसर्जन करण्याची प्रवृत्ती सशाच्या ठायी उपजतच असते. पाळणाऱ्याने ती ओळखून तिला योग्य जागा द्यावयाची, एवढेच काम असते.

पाळीव ससा हा नैर्ऋत्य युरोपातील रानटी सशाचा वंशज होय. हे ससे बिळे खणून कळपाने राहतात आणि बिळांच्या परिसरात ठरावीक ठिकाणी लेंड्यांचे ढीग करतात. लेंड्यांना गुदग्रंथींच्या स्रावाचा वास असतो. त्या वासावरून परक्या सशाला ही जागा दुसऱ्याची आहे, हे कळते. भारतातील रानससा याहून निराळा आहे. तो बिळे खणत नाही आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्यास पकडून पाळताही येत नाही.

प्रथम सशाला लहान जागेत ठेवून तो कोणता कोपरा निवडतो, हे पाहावे. त्या कोपऱ्यात त्याला ऐसपैस बसता येईल असे उथळ घमेले ठेवावे. तळाशी कागदाच्या कपट्यांचा थर द्यावा व एका कडेस वाळलेले गवत ठेवावे. कारण गवत खात असतानाच लेंड्या टाकण्याची सशाची रीत आहे. देवदार किंवा चीड यांचा ताजा भुसा वापरू नये. त्यातील उडणारी द्रव्ये अपायकारक असतात. इतरत्र पडलेल्या लेंड्या उचलून घमेल्यात टाकाव्यात. सवय दृढ झाली, की फिरण्याची जागा हळूहळू वाढवावी. घमेले वरचेवर साफ करावे. मात्र ओळखीच्या वासासाठी थोड्या लेंड्या राहू द्याव्यात.

चूक झाल्यास सशाला मारू नये. त्याने तो केवळ भितो, शिकत नाही. वयात आलेला ससा हद्द दाखविण्यासाठी मूत्राचे फवारे उडवितो. अशा वेळी पशुवैद्याकडून नसबंदी करून घेतल्यास ही खोड बहुधा कमी होते.

सशाची विष्ठा दोन प्रकारची असते. कोरड्या, गोल लेंड्या घमेल्यात पडतात. दुसरी मऊ व चकचकीत असून ती अंधनालीत तयार होते. ती ससा गुदद्वारापाशीच तोंड नेऊन खातो व तिच्यातील प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे मिळवितो. ही घाणेरडी खोड नव्हे. तिला प्रतिबंध करू नये.

या सवयीचा खरा लाभ केवळ स्वच्छतेचा नाही. ससा आपले दुखणे लपवितो. परंतु लेंड्या एकाच जागी पडत असल्या, की रोज सकाळी त्यांची संख्या व आकार सहज पाहता येतो. लेंड्या लहान होऊ लागल्या, अथवा १२ तास मुळीच पडल्या नाहीत व ससा खाईनासा झाला, तर आतड्यांची हालचाल मंदावली असण्याचा संभव असतो. अशा वेळी विलंब न लावता त्यास पशुवैद्याकडे न्यावे. एका दिवसाची दिरंगाईही त्याच्या जिवावर बेतू शकते.