रिकामी यादी आणि कम्पायलरचे पर्याय



शाळेच्या वाचनालयाची यादी संगणकावर घेण्याचे काम संगणक मंडळाकडे आले, तेव्हा ते महिन्याभरात उरकेल असे आम्हांला वाटले होते. पुस्तकांची नावे मुलामुलींनी टंकून काढली. मुख्य प्रोग्रॅम पायथनमध्ये झाला. देवनागरी आणि इंग्रजी शीर्षके वेगळी करण्याचा भाग वेगासाठी सी भाषेत लिहून त्याला जोडला. अशा जोडलेल्या भागाला एक्स्टेन्शन म्हणतात. तो वापरण्याआधी कम्पायलरकडून यंत्रभाषेत करून घ्यावा लागतो, आणि आमची फजिती झाली ती तिथेच.

नव्या संगणकावर सर्व सुरळीत चालले. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या जुन्या संगणकांवर मात्र तीच फाइल नेली की प्रोग्रॅम 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' एवढेच म्हणून बंद पडे. एका पालकांनी मेमरी बदलून पाहा असे सुचवले. पण यंत्रे निर्दोष होती. वेग वाढतो असे वाचून आम्हीच कम्पायलरला 'एम-आर्च-नेटिव्ह' हा पर्याय दिला होता. त्याचा अर्थ असा, की ज्या यंत्रावर कम्पाइल होत आहे, त्याच्या प्रोसेसरला येतात त्या सर्व सूचना खुशाल वापर. नव्या यंत्राला एव्हीएक्स-टू नावाच्या सूचना येत होत्या. इंटेलने त्या २०१३ साली हॅसवेल प्रोसेसरपासून आणल्या. आमचे जुने संगणक त्याआधीचे. न येणारी सूचना समोर आली की प्रोसेसर अडतो आणि लिनक्स तो प्रोग्रॅम थांबवते.

पर्याय काढला, पुन्हा बांधणी केली, तरी दोष तसाच! यात आमची अर्धी दुपार गेली. बांधणीचे साधन फक्त मूळ सी फाइल बदलली आहे का एवढेच पाहते. पर्याय बदलल्याचे त्याला कळत नाही, म्हणून ते जुनीच तयार फाइल पुढे करते. 'बिल्ड' हा फोल्डर पुसून पुन्हा बांधणी केली, तेव्हा जुने संगणक चालू लागले. पर्याय बदलला की आधी तो फोल्डर पुसायचा, हे आता फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले आहे.

खरा घोळ पुढे झाला. वाचनालयाच्या टेबलावर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ठेवला आहे. त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा. नव्या संगणकावरची फाइल तिथे ठेवली, तर पायथन म्हणे असे मॉड्यूलच नाही. फाइल तर डोळ्यांसमोर! तिच्या नावाच्या शेपटात प्रोसेसरची जात लिहिलेली असते, आणि एआरएमवरचा पायथन दुसऱ्या जातीच्या शेपटाची फाइल शोधतच नाही. म्हणून एक्स्टेन्शन त्या छोट्या संगणकावरच कम्पाइल केले. ते विनातक्रार झाले. प्रोग्रॅम चालला, एकही चूक दाखवली नाही, आणि देवनागरी पुस्तकांची यादी पूर्ण रिकामी आली.

बंद पडणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा असा प्रोग्रॅम अधिक घातक. यादी तयार झाली की जुनी कार्डे रद्दीत द्यायची, असे ठरलेले होते. ती आधी दिली असती, तर कोणती मराठी पुस्तके वाचनालयात होती हे सांगणारे काहीच हाताशी उरले नसते.

आता कारण पाहू. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवतात. 'श' घ्या : २२४, १६४, १८२. इंग्रजी अक्षरे १२७ च्या आत राहतात. सी भाषेत बाइट ठेवायला 'चार' हा प्रकार वापरतात, पण तो ऋण संख्या धरतो की नाही, हे सी भाषेने ठरवलेलेच नाही. नेहमीच्या इंटेल जातीच्या संगणकावर तो उणे १२८ ते १२७ असा असतो, त्यामुळे २२४ चे उणे ३२ होतात. एआरएमवरच्या लिनक्समध्ये तो ० ते २५५ असतो आणि २२४ हे २२४ च राहतात. आमच्या प्रोग्रॅममध्ये ओळ होती : बाइट शून्याहून लहान असेल तर ते देवनागरी. एआरएमवर ही अट कधीच खरी होणार नाही! गंमत म्हणजे अ‍ॅपलच्या एआरएम संगणकांवर 'चार' ऋण संख्या धरतो. म्हणजे केवळ प्रोसेसरला दोष देऊन भागत नाही. त्या त्या प्रणालीने काय ठरवले आहे, तेही पाहावे लागते.

निदान पक्के करायला कम्पायलरचे पर्याय उपयोगी पडले. छोट्या संगणकावर 'एफ-साइन्ड-चार' देऊन बांधणी केली, आणि यादी भरून आली. उलट नव्या संगणकावर 'एफ-अनसाइन्ड-चार' दिला, तर तिथेही यादी रिकामी! रोग हवा तेव्हा आणता आणि घालवता आला, म्हणजे कारण सापडले.

मग तोच पर्याय कायम का ठेवला नाही, असे इयत्ता नववीच्या एका मुलीने विचारले. प्रश्न योग्य होता. उद्या दुसरे कोणी पर्याय न देता कम्पाइल करील आणि यादी पुन्हा रिकामी येईल. म्हणून आम्ही सी फाइलमध्येच 'अनसाइन्ड चार' असे स्पष्ट लिहिले आणि अट १२७ पेक्षा मोठा अशी केली. शिवाय 'डब्ल्यू-एक्स्ट्रा' हा पर्याय आता कायम चालू असतो. तो पहिल्याच दिवशी दिला असता, तर ही तुलना नेहमी खोटीच ठरेल, अशी सूचना कम्पायलरनेच छोट्या संगणकावर दिली असती.

तिन्ही प्रकारच्या यंत्रांवर यादी आता सारखी येते. कार्डांशी ताडून पाहण्याचे काम चालू आहे. तोवर कार्डे कपाटातच राहतील.

घरी करून पाहा : 'चार' प्रकारात २२४ ठेवा आणि ती संख्या छापा. आपल्या यंत्रावर उणे ३२ येतात की २२४, ते वहीत लिहून आणा. मग वरचे दोन्ही पर्याय एकेक देऊन पुन्हा छापा.